दहा फेऱ्यांसाठी चाकणला

आमच्या सेलूकडून पिंपरी-चिंचवडला माणसं जातात ती पोट भरायला. गल्लीत घरटी एक तरी तिकडं असतोच. मी बासष्टाव्या वर्षी गेले ती मात्र एक गणित सोडवायला. चार दिवस राहून परत आले, त्याला आता पंधरवडा होऊन गेला. शेजारणी विचारतात, "बाई, काय काय पाहिलं?" मी म्हणते, रस्ते मोठे आहेत, आणि विषय बदलते. पण असं किती दिवस बदलणार? म्हणून एकदाच काय ते सगळं लिहून काढते. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांना थोडा दिसेल, आणि माझ्याही डोक्यातलं खाली उतरेल.

आधी जाण्याचं कारण. माझा धाकटा भाऊ भानुदास चाकणच्या कारखान्यांत कामगारांची ने-आण करणारी बस चालवतो. बस ठेकेदाराची, भानू त्याच्याकडे नोकरीला. माझ्यात आणि त्याच्यात अठरा वर्षांचं अंतर. तो झाला तेव्हा आई थकलेली होती, त्यामुळे त्याला मीच खेळवला आणि पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत मीच शिकवला. गणित त्याच्या बापजन्मी आलं नाही. सातवीला एकतीस मार्कांवर लटकला होता. चाकाच्या फेऱ्यांचं उदाहरण त्यानं चुकवलं होतं, त्याला मी चारपैकी चार देऊन पस्तीसवर नेला. गणिताच्या बाईंचा भाऊ गणितातच नापास, असं गावानं म्हटलं असतं. मला ते सोसलं नसतं.

तर मी जाण्याच्या महिनाभर आधी या भानूच्या बसखाली एक सायकलवाला आला. सकाळची वेळ, कारखान्यांमधला आतला रस्ता. माणूस वाचला, पण मांडी आणि खुबा मोडला. त्या रस्त्यावर ताशी चाळीसच्या वर जायचं नाही असा ठेकेदाराचा नियम, आणि बसमध्ये वेग नोंदवणारं मशीन. मशीनची चिठ्ठी निघाली, त्यात बेचाळीस. भानूला घरी बसवलं. चौकशीत चाळीसच्या वरच कायम झालं तर नोकरी जाणार, आणि एकानं काढलेल्या ड्रायव्हरला दुसरा ठेकेदार उभा करत नाही.

फोनवर भानू म्हणाला, "अक्का, मशीनमध्ये जुन्या टायरचं माप आहे. आता टायर तसे नाहीत. त्यामुळं..."

"झिजलेत. कळलं मला," मी म्हणाले.

माझी खोड आहे ती. पोरगं उत्तर सांगायला लागलं की दुसऱ्या शब्दालाच मला पुढचं कळलेलं असतं. भानू गप्प झाला, जसा वर्गात व्हायचा.

मी लगेच वही काढली. मशीन बिचारं वेग बघत नाही, ते फक्त चाकाचे फेरे मोजतं. एका फेऱ्यात किती अंतर पडतं हे त्याला आधी सांगून ठेवलेलं असतं, त्यानं ते गुणतं. मशीनला सांगितलेला व्यास होता एकोणनव्वद सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्याला साधारण दोन मीटर ऐंशी. ताशी बेचाळीस म्हणजे मिनिटाला सातशे मीटर. सातशेला दोन पूर्णांक आठनं भागलं की अडीचशे फेरे. इथपर्यंत सगळं चोख. आता टायर झिजून चाक लहान झालं असेल तर त्याच अडीचशे फेऱ्यांत अंतर कमी कापलं जाणार. किती लहान झालं असेल? मी चौऱ्याऐंशी धरलं. का चौऱ्याऐंशी? साताने भाग जातो म्हणून. पस्तीस वर्षं पुस्तकातली चाकं फिरवलेली बाई मी, माझी सगळी चाकं साताच्या पाढ्यातली. परीघ आला दोन मीटर चौसष्ट. गुणिले अडीचशे, सहाशे साठ मीटर. ताशी एकोणचाळीस पूर्णांक सहा. चाळीसच्या आत!

मग मी जे केलं ते लिहायला हात जड होतो. चौकशी करणाऱ्या साहेबांना मी सरळ पत्रच धाडलं. "मी निवृत्त गणित शिक्षिका असून सर्वांसमक्ष चाक मोजून खरा वेग सिद्ध करून देण्यास तयार आहे." साहेबांचा निरोप आला, या.

पहिला दिवस : रहाटणी

भानूचं घर रहाटणीत, चौथ्या मजल्यावर. सकाळी पोचले तेव्हा मजल्यावरची सगळी दारं बंद. आमच्याकडे पाहुणी रिक्षातून उतरली तरी चार घरची माणसं ओट्यावर येतात. इथं चार दिवसांत समोरच्या घरातलं माणूस मला दिसलं नाही. त्यांचे बूट तेवढे दिसले. प्रत्येक दाराबाहेर पुढून लोखंड घातलेले कंपनीचे जाड बूट. भावजय रेखा म्हणाली, "वन्सं, इथं माणूस घरात आहे का शिफ्टला गेलाय हे बुटांवरनंच कळतं." भानूच्या दाराशी त्याचे काळे बूट होते, पॉलिश केलेले. महिनाभर ते जागचे हलले नव्हते.

भानू पार उतरला होता. गालफडं आत गेलेली. दाढी मात्र रोज करत होता, ड्यूटीवर असल्यासारखी. मला बघून हसला आणि पाया पडायला वाकला, तेव्हा त्याच्या डोक्यावर विरळ झालेले केस दिसले. मला गलबलून आलं. पण मी काय म्हणाले? "जेवत नाहीस का रे गाढवा?"

रेखानं ज्वारीची भाकरी केली होती, माझ्यासाठी मुद्दाम. पीठ चक्कीतून आणलेलं, चव आपल्या ज्वारीची नव्हे, तरी मी दोन खाल्ल्या. जेवण झाल्यावर मी भानूपुढे वही टाकली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ. एकोणचाळीस पूर्णांक सहा."

त्याचा चेहरा उजळला. "तेच तर मी सांगतोय ना राव सगळ्यांना! चाळीसच्या आतच होती गाडी. कुणी ऐकूनच घेईना."

"मोजल्यावर ऐकतील."

"अक्का, तू आलीस, बास. आता मला टेन्शन नाही."

वरच्या ओळी त्यानं वाचल्या नाहीत, मीही वाचून दाखवल्या नाहीत. गणितात त्याला काय कळतंय, असं मला वाटलं. उत्तर दोघांचं जुळलं होतं, आणि दोघंही खूश होतो. रेखानं त्या दिवशी महिन्यात पहिल्यांदा गोडाचा शिरा केला.

दुसरा दिवस : चाकणची वाट

दुसऱ्या दिवशी मी एकटीच चाकणला निघाले. जागा आधी डोळ्यांखालून घालावी, म्हणजे उद्या बोलताना अडखळायला नको. भानूला म्हणाले, तू घरीच थांब.

नाशिक फाट्यावर उभी होते. पांढरी बस आली, मी हात केला, ती थांबली, मी चढले. आत बघते तर सगळ्यांच्या अंगात एकसारखे राखाडी शर्ट, आणि निम्मे मान टाकून झोपलेले. एकजण उठून जागा देत म्हणाला, "मावशी, ही कंपनीची गाडी आहे. बसा आता, चाकणच्या चौकात सोडतील." मला हसू आलं, पण हसायला सोबत कुणी नव्हतं. आमच्या एस.टी.त दोन स्टॉपमध्ये अनोळखी बाईला शेजारणीच्या बाळंतपणाची सगळी हकिकत कळते. इथं चाळीस माणसं एका गाडीत आणि आवाज फक्त इंजिनाचा.

मोशी सोडल्यावर बाहेर बघत राहिले. कंटेनर, कंटेनरमागे कंटेनर, त्यांच्यावर दोन मजली रचलेल्या नव्या मोटारी. मध्येच एखादा शेताचा तुकडा, त्यात मेथीची भाजी, आणि लगेच पुन्हा पत्र्याच्या शेडी. झाडं धुळीनं मातकट झालेली. मला हा मुलूख काही आवडला नाही. भानू पंधरा वर्षं याच रस्त्यानं रोज दोनदा जातो-येतो, आणि मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं की तिकडं कसं आहे रे.

चाकणला उतरले ती कांद्याच्या बाजाराशी. कांद्याचे डोंगर, गोण्या शिवणाऱ्या बाया, आणि पायाखाली पालापाचोळ्यासारखी सालपटं. त्यात पाय घसरला आणि चपलेचा अंगठा तुटला. एका बाईनं काही न विचारता सुतळीनं बांधून दिला. ती सुतळी बांधलेली चप्पल मी परत येईपर्यंत वापरली.

तिथून रिक्षानं त्या आतल्या रस्त्यावर गेले. दोन्हीकडे कंपन्यांच्या भिंती, मध्ये सरळ काळा रस्ता. एका भिंतीला बोळ आहे, त्यातून कामगारांच्या खोल्यांकडची वाट येते. तो सायकलवाला त्या बोळातून बाहेर आला होता. रस्त्यावर ब्रेकचा काळा पट्टा अजून होता. बोळाच्या तोंडाशी सुरू होऊन पार पुढच्या विजेच्या खांबापर्यंत गेलेला. मी पावलांनी मोजला. मग पुन्हा मोजला. चाळीसच्या आतल्या गाडीसाठी मला तो लांब वाटला. पण बस जड असते, सकाळचा रस्ता ओला असेल, असं मीच मला समजावलं. टपरीवर चहा घेतला. अर्धा तसाच ठेवून उठले.

तिसरा दिवस : यार्ड

ठेकेदाराचं यार्ड चाकणच्या अलीकडेच आहे. चौकशी करणारे साहेब म्हणजे तापकीर, तिथले व्यवस्थापक, मूळचे तिथल्याच गावचे. पन्नाशीचा जाडजूड माणूस, शर्टाच्या खिशात चार पेनं.

"या बाई. पत्र वाचलं तुमचं. हितं असं कुनी लिहीत न्हाई. मोजा तुमी, आमी लिहून घेतो. मला त्यातलं काय कळत न्हाई, खोटं कशाला बोलू?"

कोपऱ्यात एक बाई उभी होती. पंचविशीची असेल, डोक्यावर पदर, हातात डब्याची पिशवी. तापकीर म्हणाले, "ही शोभा. जखमीची बायकू. म्हनली मलाबी बघू द्या. म्हनलं व्हय, बघ."

शोभा पुढं आली. "बाई, तुम्ही परभणीकडच्या का? बोलण्यावरून वाटायलंय. आम्ही जिंतूरचे." आणि लगेच, माझ्या उत्तराची वाट न बघता, "गाडी लई जोरात व्हती बाई. मी बोळात उभी व्हते, डबा द्यायला पळत आले व्हते मागं. मी सांगायले तर कुणी ऐकंना. म्हनतेत मशीन बेचाळीस दाखवायलंय, बेचाळीस म्हंजे काय जोरात असती का."

जिंतूर आमच्यापासून एवढंसं. चाकणच्या त्या धुळीत आपल्याकडची बोली ऐकून एरवी मी तिला जवळ घेतली असती. त्या दिवशी मला ती बाई नको होती. भानू तिच्याकडे बघतच नव्हता.

बस शेडमध्येच होती, अपघातानंतर टायरसुद्धा न बदलता ठेवलेली. तापकिरांनी तीस मीटरचा टेप दिला. मी टायरच्या बाजूवर खडूनं एक ठळक रेघ मारली. ती रेघ बरोबर खाली जमिनीला टेकली असताना जमिनीवर दुसरी रेघ. टेप तिथून सरळ पसरला. मग, अहो, मी शहाणी, टेपवर सव्वीस मीटर चाळीस सेंटिमीटरवर, म्हणजे माझ्या दोन मीटर चौसष्टच्या दहापटीवर, फरशीला आडवी लांबलचक रेघ ओढली आणि सगळ्यांना सांगितलं, "गाडी सावकाश पुढं न्यायची. चाकाचे दहा फेरे मोजायचे. दहावा फेरा या रेघेशी संपला की आमचा भाऊ चाळीसच्या आत." वर्गात फळ्यापुढे उभी राहिल्यासारखी बोलत होते मी. शोभाला ती रेघ दाखवली. तिनं मान हलवली.

दुसरा ड्रायव्हर बसला. गाडी पावलाच्या चालीनं निघाली. मी चाकाबरोबर चालत मोजू लागले. एक. दोन. तीन. तिसऱ्या फेऱ्याला मी टेपकडे पाहिलं. टेपवर नऊ मीटर होते. आठच्या आत पाहिजे होते. मी मोजत राहिले, कारण दुसरं काय करणार? सहा. सात. आठ. चाक माझ्या आडव्या रेघेवरून पुढं निघून गेलं तेव्हा नववा फेरासुद्धा पुरा झाला नव्हता. दहाव्याला खडूची रेघ जमिनीला टेकली तेव्हा टेप संपला होता. तीस मीटर, वर काही नाही की कमी नाही.

मी खाली वाकून टायर पाहिला, जो मी आधी पाहायला हवा होता. खाचा खोल, रबर कोरंच म्हणावं असं.

"भानू," मी म्हणाले, "हे टायर नवे आहेत."

"हो ना! दसऱ्याच्या आधी टाकले. एक साइझ मोठे. मी सांगत होतो ना तुला फोनवर, टायर तसे नाहीत म्हणून." तो खुशीत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बाईंच्या आधी उत्तर कळलं होतं. तापकिरांकडे वळून तो मोठ्यानं सांगायला लागला, "साहेब, चाक मोठं झालं की ते कमी फिरतं. मशीनला ते माहीतच नाही. म्हणजे काटा बेचाळीस दाखवतो तेव्हा गाडी खरी कमीच असणार. म्हणून तर मी दसऱ्यापासून काटा बेचाळीसवर ठेवायचो. खरा चाळीसच्या आत राहतो. अक्कानंच शिकवलंय मला हे."

मी त्याला थांबवू शकले नाही. आयुष्यभर त्याला दुसऱ्या शब्दाला अडवलं आणि त्या दिवशी सगळं बोलू दिलं.

आणि मला तो सातवीचा पेपर दिसला. वाकडं अक्षर, निळी शाई. "मोठ्या चाकाचे फेरे कमी होतात." बरोबर. त्याखाली, "म्हणून मोठ्या चाकाची गाडी हळू जाते." मी पहिल्या वाक्यावर लाल खूण केली होती. दुसरं वाक्य वाचून न वाचल्यासारखं केलं होतं, आणि चार मार्क दिले होते.

तापकिरांनी कागद पुढं केला. "लिवा बाई. किती येतंय?"

त्या यार्डात हे गणित येणारं दुसरं माणूस नव्हतं. मी काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं, हे मला त्या क्षणी लख्ख कळत होतं. मी एकोणचाळीस पूर्णांक सहा लिहिलं असतं आणि तापकिरांनी खाली सही केली असती. भानू माझ्याकडे बघत होता, तोंडावर हसू घेऊन. शोभाही बघत होती.

मी लिहिलं. फेरे अडीचशे. एका फेऱ्याला तीन मीटर. मिनिटाला साडेसातशे मीटर. ताशी पंचेचाळीस किलोमीटर.

"कमी आलं ना अक्का?" भानूनं विचारलं.

"जास्त आलं रे."

"कसं? चाक मोठंय ना..."

"एका फेऱ्यात जास्त पुढं जातं, भानू. मशीनला वाटतं त्याच्यापेक्षा जास्त. काटा बेचाळीस म्हणत होता तेव्हा तू पंचेचाळीसनं चालला होतास."

त्याच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथंच राहिलं आणि नुसते डोळे बदलले. मला अजून तेच आठवतं. तो हळूच जाऊन शेडच्या पायरीवर बसला.

मी कागदावर खाली आणखी लिहिलं की टायर बदलल्यावर मशीनमधलं माप बदलायचं काम ड्रायव्हरचं नव्हे, मालकाचं. तापकिरांनी ते वाचलं. "व्हय, खरं हाय तुमचं. पर बाई, बेचाळीसवर त्यो जानूनच ठेवत व्हता, ह्ये आत्ता त्यानंच समद्यांम्होरं सांगितलं. मी काय करू?" माणूस वाईट नव्हता.

शोभा माझ्याजवळ आली. "म्हंजे मी खरंच सांगत व्हते ना बाई?"

"हो ग. तू खरंच सांगत होतीस."

तिनं डोळ्यांना पदर लावला. मग डब्याची पिशवी सावरून ती दवाखान्याच्या वाटेला लागली. तिच्या नवऱ्याचं नाव काय, हे मी विचारलंच नाही.

चौथा दिवस : वल्लभनगर

रहाटणीत त्या संध्याकाळी कुणी जेवलं नाही. रेखा मला वन्सं म्हणायची ती थांबली. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तिनं दारातले काळे बूट उचलून आत कपाटावर ठेवले.

सकाळी भानू मला वल्लभनगरच्या स्टँडवर सोडायला आला. नको म्हटलं तरी आला. परभणीची गाडी लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. रस्त्यावरून कंपनीच्या पांढऱ्या बसेस एकामागून एक जात होत्या आणि प्रत्येक बसच्या ड्रायव्हरकडे भानू बघत होता. एकानं हात केला, यानंही केला.

"तुझ्यावर राग नाही अक्का," तो म्हणाला. "आहे ते लिहिलंस."

मला धाय मोकलून रडावंसं वाटत होतं. मी चपलेची सुतळी घट्ट करत बसले.

"रात्रभर मी तेच डोक्यात फिरवत होतो. चाक मोठं, फेरे कमी, पण एका फेऱ्यात जास्त पुढं. आता कळलं मला. सोपंय."

"सोपंच आहे," मी म्हणाले.

गाडी लागली. त्यानं माझी पिशवी वर ठेवली, खिडकीची जागा धरली, पाण्याची बाटली हातात दिली. खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. कंडक्टरनं घंटा मारली, तेव्हा त्यानं खिडकीच्या गजांना धरून विचारलं, "अक्का, सातवीत मी हेच चुकलो होतो ना?"

"हो."

"मग मला पास का केलंस?"

गाडी हलली. तो चार पावलं बरोबर चालत आला, उत्तराची वाट बघत. मला उत्तर माहीत होतं, पण मी पाण्याची बाटली मांडीवर सावरत राहिले, आणि गाडी स्टँडच्या बाहेर पडली.